तीन नंबरचा प्लग

प्लग बाहेर आला तेव्हा तो अजून कोमट होता, आणि त्याचं तोंड मिटलेलं होतं. प्लगच्या टोकाशी एक छोटीशी वाकडी दांडी असते, तिच्याखाली नखाच्या जाडीची फट असते आणि त्या फटीत ठिणगी पडते. गाडी चालते ती एवढ्याशा रिकाम्या जागेच्या भरवशावर. या प्लगची ती जागा गायब होती. दांडी खालच्या टोकावर चेपून बसली होती आणि तिच्या पाठीवर मुगाच्या डाळीएवढा चकचकीत डाग पडला होता. म्हणजे पिस्टन वर येताना प्रत्येक फेरीला तिला टक्कर देत होता. मी फडक्यात धरून प्लग फिरवला. मानेशी तांब्याचं एक कडं असायला हवं होतं, ज्याला आम्ही वायसर म्हणतो. ते नव्हतं. खरं सांगायचं तर ते नसणार हे मला प्लग फिरवायच्या आधीच कळलं होतं, फक्त डोळ्यांनी बघायचं तेवढं राहिलं होतं. मी ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसलो. पंखा फिरत होता, भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला होता. हा वायसर सुनेनं विसरलेला नव्हता. तो मी विसरलो होतो, आज सकाळी पावणेनऊला, तिला न सांगता.

गाडी दातांच्या डॉक्टरांची. त्यांच्या वडिलांनी घेतलेली, दोन दारांची, आता तिचे भाऊबंद रस्त्यावर दिसत नाहीत अशी. डॉक्टर तिला आठवड्यातून एकदा बाहेर काढतात आणि उरलेले सहा दिवस तिच्याबद्दल बोलतात. तीन आठवड्यांपूर्वी ती निळा धूर सोडत आली आणि सूनबाई म्हणाली, हे इंजिन मी एकटी बांधते. मी म्हणालो, बांध की. तोंडानं म्हणायला काय जातं. आमच्या गॅरेजमध्ये तिला सगळे सूनबाईच म्हणतात, गिऱ्हाइकंसुद्धा; पहिल्या महिन्यात गंमत म्हणून म्हणायचे, आता खरोखर काम असलं की म्हणतात. दोन वर्षांपूर्वी ती घरात आली ती मशीनचं शिक्षण आणि स्वतःच्या पान्यांची पेटी घेऊन. माझा मुलगा शाळेत गणित शिकवतो आणि त्याला गाडी लागते. मेकॅनिकचा एकुलता एक मुलगा, आणि पेट्रोलच्या वासानं त्याला मळमळतं. यावर माझ्या मित्रांनी इतकी वर्षं मला पिडलं आहे की त्यानं अशी बायको आणल्यावर मी चौकात पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. तिनं आल्या आल्या माझ्या सगळ्या खणांवर चिठ्ठ्या लावल्या. तीस वर्षं मी ज्या खणात हात घालून अंदाजानं वस्तू काढत होतो, त्यावर आता 'अंदाजानं काढू नये' असं लिहिलेलं आहे.

आणि काम कसं करते म्हणाल, तर एकेक पिस्टन पुसून कागदावर ओळीनं मांडते, एकेक बोल्ट मोजून आवळते आणि आवळलेल्या बोल्टावर पांढरा ठिपका देते. या इंजिनाचं हेड, वरचं जाड झाकण, फेसिंगला दिलं होतं, म्हणजे खालची बाजू तासून सपाट करून आणलं होतं. तासलं की हेड खाली बसतं, आणि हेडमधला प्लग पिस्टनच्या जवळ येतो. हे तिला माहीत होतं. तिनं पिस्टनवर लहान मुलांच्या खेळण्यातल्या मातीची गोळी ठेवली, हेड बसवलं, इंजिन हातानं एक फेरी फिरवलं, परत उघडलं आणि चेपलेली गोळी मधोमध कापून तिची जाडी मोजली. भिंतीवरच्या पाटीवर तिच्या गोल अक्षरात अजून लिहिलेलं आहे: प्लग ते पिस्टन, एक मिलिमीटर आणि वर दोन दशांश. मी तिच्या मागे उभा राहून ती कापलेली गोळी बघत होतो आणि मला इतकं बरं वाटलं होतं की मी दोघांसाठी चहा टाकला. वायसरची जाडी असते दीड मिलिमीटर. तो नसेल तर प्लग दीड मिलिमीटर खाली जाणार, आणि जागा सव्वाही नाही. माझ्या मुलाच्या शाळेतलं दुसरीतलं पोरही हे गणित सोडवेल.

मी रोज सकाळी फिरायला जातो. निदान घरी तसं सांगून निघतो. बायको म्हणते, दोन वर्षं फिरताय, पोट होतं तिथंच आहे, नक्की फिरता की कुठं बसून राहता? मी बसून राहत नाही. मी गॅरेजला येतो, शटर अर्धं उघडतो, आणि आदल्या दिवशी सुनेनं केलेलं काम तपासतो. ब्रेक बांधले असतील तर चाकाचे नट बघतो, ऑइल बदललं असेल तर गाडीखाली जाऊन बूच बघतो. नऊला तिची स्कूटर कोपऱ्यावर वाजते, त्याआधी सगळं जागच्या जागी ठेवून मी पुढच्या बाजूला वर्तमानपत्र उघडून बसलेला असतो. पोटची मुलगी असती तर तोंडावर म्हणालो असतो, दाखव गं काय केलंस. सुनेला कसं म्हणायचं? तिला वाटेल सासऱ्याचा विश्वास नाही. म्हणून मी तिला वाटू नये याची काळजी घेत होतो, आणि काळजी घेता घेता पक्का चोर झालो होतो.

आज सकाळी डॉक्टरांच्या गाडीचे चारही प्लग काढले. फट बघितली, बरोबर होती. तेवढ्यावर थांबलो असतो तर आत्ता डब्यावर बसलो नसतो. पण त्या प्लगांना जुन्या पद्धतीचे अख्ख्या तांब्याचे वायसर होते, डॉक्टरांच्या वडिलांनी साठवून ठेवलेल्या खोक्यातले, आणि तांबं पाहिलं की माझे हात शिवशिवतात. तांब्याचा वायसर लाल होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात टाकायचा, मग तो लोण्यासारखा मऊ होतो आणि जागेवर असा बसतो की जीव जाईल पण हवा जाणार नाही. हे आता कुणी करत नाही. सुनेनं केलं नसणार याची मला खात्री होती, आणि तिच्या इंजिनात आपलंही काहीतरी असावं असं मला वाटत होतं, हेही कबूल करतो. चार वायसर तापवले, डब्याच्या झाकणात पाणी घेऊन त्यात टाकले, एकेक काढून पुसला, प्लगात घालून प्लग बसवला. एक, दोन, चार. मग तीन. तिसरा बसवतानाच स्कूटर वाजली, आज पाव तास आधीच. एरवी प्लग आवळताना शेवटी हाताला एक मऊ दाब लागतो, वायसर दबतो तो. या वेळी पाना टक्कन थांबला. दगडावर थांबावा तसा. हातानं मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. झाकणातलं पाणी मोरीत ओतलं आणि वर्तमानपत्र उघडून बसलो. उलटं धरलं नव्हतं एवढंच.

सूनबाईनं साडेबाराला गाडी चालू केली. पहिल्या झटक्यात लागली, आणि लागल्याबरोबर तो आवाज आला. टक टक टक टक, कोरडा, नखानं काचेवर वाजवावं तसा, आणि इंजिन तीन पायांवर चाललेलं, एक पाय ओढत. सुनेचा चेहरा मी काचेतून बघत होतो. ती घाबरली नाही, तिच्या कपाळावर फक्त एक आठी आली, हिशोब करताना येते तशी. अर्ध्या मिनिटात तिनं चावी फिरवून बंद केली. हा आवाज वरचा नाही, ती म्हणाली. वाल्वचा असता तर दोन फेऱ्यांत एकदा आला असता, हा प्रत्येक फेरीला येतोय. बरोबर होतं. मग म्हणाली, "बाबा, खालचं बेअरिंग असेल. माझंच काहीतरी राहिलं." पाटीवर तिनं एकाखाली एक लिहिलं: इंजिन गार होऊ देणे, प्लग काढून बघणे, कॅमेरा घालून बघणे, खालचं चेंबर उघडणे. चेंबर उघडायचं तर नवं गॅस्केट, जोडात बसते ती पट्टी, लागणार, म्हणून ते आणायला आणि येताना काहीतरी खाऊन यायला ती गेली. जाताना पेटीचं झाकण लावून गेली, एरवी उघडी टाकून जाते. मला मात्र दम निघाला नाही. गरम हेडमधून प्लग काढू नये, आटे खरवडून येतात, हे मीच तिला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. अर्धा तास कसाबसा काढला आणि तीन नंबरला पाना लावला.

आता यात एक गोष्ट अशी आहे की जी मला माहीत नाही असं सूनबाईला वाटतं. परवा स्वयंपाकघरात भांडी पुसताना बायकोनं मला सांगितलं. एका मोठ्या कंपनीच्या शाळेनं सुनेला बोलावलंय, नव्या मुलांना इंजिन शिकवायला. दुसऱ्या गावी. राहायला घर देतात. मुलगा म्हणतो, गणित काय, कुठंही शिकवता येतं. सुनेचं मन मात्र अर्धं इथं होतं. तिनं सासूला सांगितलं होतं, हे डॉक्टरांचं इंजिन मी एकटीनं बांधते आहे, ते नीट चाललं तर मला इथं राहायचा काही हक्क आहे असं समजेन. नाही चाललं तर जाऊन मुलांना पुस्तकातलं शिकवेन. उत्तर आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. बायको हे सांगत होती तेव्हा तिचा हात त्याच ताटावर फिरत होता, ताट केव्हाच कोरडं झालं होतं. ती म्हणाली, तुम्ही काही बोलू नका, तिचं तिला ठरवू द्या. मी म्हणालो, मी कुठं बोलतो. आणि बोललो नाही, हेही खरंच आहे. मी फक्त तिचं इंजिन उघडलं.

डब्यावर बसल्या बसल्या मला दोन सरळ रस्ते दिसत होते. पहिला अगदी सोपा. मोरीच्या जाळीत वायसर अडकलेला असणार. तो काढायचा, नवा प्लग घ्यायचा, बसवायचा, आणि ती आली की म्हणायचं, अगं काही नाही, प्लगमध्ये कचरा होता, बघ कशी चालतेय. पाच मिनिटांचं काम. ती आनंदानं नाचेल आणि राहील. दुसरा त्याहून सोपा: काहीच करायचं नाही, प्लग होता तसा परत लावायचा. ती येऊन पाटीवरच्या क्रमानं काढेल आणि समजेल की वायसर आपणच विसरलो. मग ती जाईल, पण मला चोर म्हणणार नाही. तिसराही एक रस्ता होता, पण त्याच्याकडे मी बघत नव्हतो. दुपारचं ऊन शटरखालून आत आलं होतं आणि फरशीवरच्या ऑइलच्या डागाला जांभळा-हिरवा रंग चढला होता. खणांवरच्या चिठ्ठ्या पंख्यानं फडफडत होत्या. मला या जागेचं किती सुख आहे हे मी अशाच वेळी मोजतो, जेव्हा कुणी नसतं आणि हाताला रॉकेलचा वास असतो. लोक म्हणतात, एकसष्ट झाली, आता बसा घरी. घरी बसून काय करू? गेली दोन वर्षं मला सकाळी उठायची घाई असते. कोपऱ्यावर स्कूटर वाजते आणि मला आत कुठंतरी दिवा लागल्यासारखं होतं. ती गेली तर गॅरेज चालेलच, पूर्वी चालत होतं तसं. पण खणांवरच्या चिठ्ठ्या मी काढेन की ठेवीन, हे ठरवता येईना.

मी ज्यांच्याकडे काम शिकलो त्यांना सगळे मोठे मिस्त्री म्हणायचे. बोटं केळीएवढी, आणि त्या बोटांनी ते केसाएवढी फट चाचपून सांगायचे. बाविसाव्या वर्षी त्यांनी मला पहिलं इंजिन एकट्याला बांधू दिलं, मालवाहू गाडीचं. ते चालू झालं तेव्हा मी गॅरेजच्या मागं जाऊन रडलो होतो, आणि परत आलो तर मिस्त्री काहीच न झाल्यासारखे बिडी ओढत होते. त्यानंतर नऊ वर्षं मी तिथं होतो आणि माझं एकही इंजिन परत आलं नाही. माझ्या हाताला यश आहे असं लोक म्हणायचे, मलाही तसं वाटायचं, आणि त्याच भरवशावर मी हे गॅरेज काढलं. मिस्त्री गेले तेव्हा त्यांच्या बायकोला भेटायला गेलो. बाई बिचारी मला बरं वाटावं म्हणूनच बोलली. म्हणाली, तुझ्यावर फार जीव त्यांचा, तू इंजिन बांधलंस की दुसऱ्या दिवशी तासभर आधी जायचे, सगळं परत बघायचे, काही राहिलं असलं तर नीट करून ठेवायचे, आणि मला म्हणायचे, पोराला कळू द्यायचं नाही. मी तिथं चहा प्यायलो, बशी खाली ठेवली, घरी आलो आणि जेवलो नाही. त्या मालवाहू गाडीच्या इंजिनात माझं किती आणि त्यांचं किती? काही राहिलं होतं का, राहिलं असेल तर काय? विचारायला माणूस उरला नव्हता. पुढं महिनाभर मी बांधलेली गाडी गिऱ्हाइकाला देताना माझा हात चावीवरून सुटत नसे. मिस्त्रींचा मला राग येत नव्हता, येऊ शकत नव्हता, आणि त्यामुळेच ते जास्त वाईट होतं. एका भल्या माणसानं प्रेमानं माझी नऊ वर्षं माझ्या हातातून काढून घेतली होती.

हे सगळं मला माहीत होतं, सुनेच्या मागं पहिल्यांदा नट तपासला त्या सकाळीही माहीत होतं, आणि तरी एकदाही माझ्या मनात आलं नाही की मी तेच करतो आहे. मला वाटत होतं, मिस्त्रींनी केलं ते वेगळं, मी करतो ती काळजी. डब्यावर बसून मला एकदम हसू आलं. एकट्यानं हसणारा म्हातारा, हातात मेलेला प्लग. मग मी उठलो, मोरीची जाळी उचलली, वायसर काढला, पुसला, आणि प्लगाशेजारी फडक्यावर ठेवून दिला. तो पाच मिनिटांचा रस्ता माझ्यासमोर अजून उघडा होता. नवा प्लग वरच्या खणात होता, खणावर 'प्लग' असं लिहिलेलंही होतं. मी परत डब्यावर बसलो आणि स्कूटरची वाट बघू लागलो. भीती वाटत होती, पण तिच्या तळाशी एक निवांतपणा होता, डोळे मिटून दातांच्या खुर्चीत बसल्यावर वाटतो तसला.

ती आली ती गॅस्केटचं पाकीट आणि माझ्यासाठी दोन केळी घेऊन. केळी टेबलावर ठेवताना तिनं फडकं पाहिलं.

"गरम असताना काढलात?"

"कोमट होता."

"बाबा, कोमट म्हणजे गरमच." तिनं प्लग उचलला, उजेडात धरला, मिटलेलं तोंड पाहिलं. मग वायसर पाहिला. तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला सांगता येत नाही, पण मला बघवेना. ती म्हणाली, "वायसर माझ्याकडून राहिला." इतक्या हळू, की पंख्याच्या आवाजात मला ओठांवरूनच कळलं.

"तुझ्याकडून नाही," मी म्हणालो. "तू चारही लावले होतेस. आज सकाळी मी काढले. तू यायच्या आधी. वायसर तापवायला काढले आणि घाईत तिसऱ्याचा राहिला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं होतं ती विचारेल का काढले. तिनं ते विचारलं नाही. ती हुशार आहे, का ते तिला कळलं होतं. तिनं विचारलं, आजच काढले, की याआधीही? आता इथं मला 'आजच' म्हणता आलं असतं. आजच्यापुरतं कबूल करून सुटलो असतो, आणि तिनं मानलंही असतं. मी मानेनं नाही म्हणालो आणि मग सगळं सांगितलं, फिरायला जाण्यापासून वर्तमानपत्रापर्यंत. चाकाचे नट, ऑइलचं बूच, ब्रेकच्या नळ्या. रोज. दोन वर्षं. सांगताना मी तिच्या बुटांकडे बघत होतो. डाव्या बुटाची नाडी सुटली होती.

"रोज," ती म्हणाली. "आणि किती वेळा काही सापडलं?"

हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. मी आठवायला लागलो, खरोखर मनापासून, एखादा सैल नट, एखादी राहिलेली पिन. दोन वर्षांच्या सकाळी एकामागून एक डोळ्यांसमोर आल्या आणि प्रत्येक सकाळी मी टॉर्च विझवून, हात पुसून, समाधानानं वर्तमानपत्र उघडत होतो.

"एकदाही नाही," मी म्हणालो.

तिनं प्लग खाली ठेवला. मोरीवर गेली आणि नळ सोडून बराच वेळ हात धुतले. हात घाण नव्हते. पाठमोरीच म्हणाली, "दोन वर्षं रोज रात्री मी घरी जाऊन आठवते, कुठला बोल्ट राहिला का. झोप लागेपर्यंत एकेक मोजते. आणि तुम्हाला रोज सकाळी माहीत होतं की एकही राहिलेला नाही." नळ बंद केला. "हे मला एकदा तरी सांगायचं होतंत, बाबा."

चुकलं, असं म्हणालो असेन, पण ते शब्द फार लहान निघाले. मी तिच्या मनाला लागू नये म्हणून लपवत होतो असं समजत होतो, आणि जी गोष्ट सांगितली असती तर ती शांत झोपली असती, ती गोष्ट मी खिशात घालून फिरत होतो. हे मला तिथं, त्या मोरीपाशी, इतकं लख्ख कळलं की डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पाहिलं की नाही कोण जाणे. तिनं रुमालाला हात पुसले, बुटाची नाडी बांधली आणि म्हणाली, टॉर्च धरा.

मग मी तासभर टॉर्च धरला. तिनं आधी हेडचे आटे बघितले, बोटानं आणि मग भिंगानं. सुदैवानं शाबूत होते. कॅमेऱ्याची नळी प्लगच्या भोकातून आत सोडली आणि पडद्यावर पिस्टनचा माथा आला, नवा कोरा, आणि त्यावर डाळीएवढा चमकता ठिपका. ती तो बघत राहिली. दांडीचा तुकडा पडलेला नाही, ती स्वतःशीच बोलावं तसं बोलत होती, प्लगची चिनीमाती तडकलेली नाही, ठिपक्याच्या कडा गुळगुळीत आहेत, खड्डा नाही, चीर नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजलं, काटा चारही वेळा एकाच रेषेवर गेला. एरवी मी म्हणालो असतो, ठीक आहे, चालेल. या वेळी मी वाट बघितली. तिनं पाटीवर आकडे लिहिले, परत एकदा पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, चालेल. नवा प्लग घेतला, वायसर बोटानं चाचपून बघितला, बसवला, आवळला. पान्याचा तो शेवटचा मऊ दाब मला लांबूनच दिसला, तिच्या मनगटात. मग चावी माझ्याकडे टाकून म्हणाली, लावा.

इंजिन लागलं. काय सांगू, कसं लागलं. कान देऊन ऐकायलासुद्धा काही नव्हतं, चार पायांवर सरळ उभं असलेलं एक सलग गुणगुणणं. मी बॉनेटवर तळहात ठेवला, त्या इंजिनात माझं काहीही नव्हतं, आणि मला आयुष्यात क्वचित झाला असेल इतका आनंद झाला. ती हसली नाही. तिनं पाच मिनिटं ऐकलं, बंद केलं, केळं सोललं आणि खाल्लं. कंपनीच्या शाळेचं मी विचारलं नाही. तो हक्क मी सकाळीच घालवून बसलो होतो.

चारला डॉक्टर आले, टाय लावून, गाडीला भेटायला नेहमी लावतात तसा. सूनबाईनं इंजिन चालू करून दाखवलं आणि ते दोन्ही हात छातीवर ठेवून ऐकत राहिले. मग ती म्हणाली, डॉक्टर, तुम्हाला एक सांगायचंय, दुपारी अर्धा मिनिट पिस्टन प्लगला लागत होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो ठिपका दाखवला, काय तपासलं ते सांगितलं, महिनाभरानं परत आणा, मी पुन्हा आत बघीन, म्हणाली. आमच्याकडे काहीही बिघडलं, भले हेड तासणाऱ्या मशीनवाल्याच्या किंवा माझ्या हातानं, तरी गिऱ्हाइकासमोर ही पोरगी दोन वर्षं एकच वाक्य म्हणत आली आहे: माझ्याकडून राहिलं असेल. पाहुणीसारखं. आताही ती तेच म्हणणार असं मला वाटलं. डॉक्टरांनी भुवया वर केल्या. दातांच्या माणसाला ठिपका म्हटलं की काळजी वाटते.

"पण चूक झाली कुणाकडून?" त्यांनी विचारलं.

"बाबांकडून," सूनबाई म्हणाली, आवाज जराही खाली न करता, माझ्याकडे बोट दाखवून. "वायसर विसरले. पण काळजी करू नका, यापुढे त्यांचं सगळं काम मी तपासत जाणार आहे. रोज सकाळी, त्यांच्यासमोर."

डॉक्टर माझ्याकडे बघून हसले, मिस्त्री, आता तुमचं काही खरं नाही म्हणाले. मी ते पुरतं ऐकलं नाही. यापुढे, असं ती म्हणाली होती, आणि रोज सकाळी. मी मान हलवली, फडकं उचललं आणि डॉक्टरांच्या गाडीची काच पुसायला लागलो. ती आधीच पुसलेली होती.